जहाजावरचा नकाशा भिंतीवर

ओपनस्ट्रीटमॅपसारखा इंटरनेटवरचा एखादा नकाशा संगणकावर उघडा. कन्याकुमारी समोर आणा आणि कोपऱ्यातल्या किलोमीटरच्या पट्टीवर लक्ष ठेवून नकाशा हळूहळू खाली ओढत श्रीनगर गाठा. झूम मात्र बदलायचा नाही. तेवढ्याच किलोमीटरची पट्टी वाटेत लांबत जाते. श्रीनगर येईपर्यंत ती जवळजवळ एक पंचमांशाने वाढलेली असते. म्हणजे एकाच नकाशात काश्मीरचा किलोमीटर कन्याकुमारीच्या किलोमीटरपेक्षा मोठा काढला आहे. क्षेत्रफळात हा फरक आणखी फुगतो. श्रीनगरजवळचा एक चौरस किलोमीटर कन्याकुमारीजवळच्या चौरस किलोमीटरपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक मोठा दिसतो. नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण ते कुठल्या तरी बर्फाळ मुलखातलं प्रकरण म्हणून आपण सोडून देतो. ही ओढाताण आपल्या घरातही आहे.

हा नकाशा ज्या पद्धतीने काढला आहे ती मूळची गेरार्डस मर्केटर या फ्लेमिश नकाशाकाराची. १५६९ साली त्याने ती खलाशांसाठी काढली. खलाशांचं काम तिने चोख केलं, आजही करते. पुढे हाच नकाशा शाळेच्या भिंतीवर चढला, कचेऱ्यांमध्ये लागला, आणि अलीकडे खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसला. त्याच्यावर आज जे आरोप होतात त्यांतले बहुतेक त्याच्या भिंतीवरच्या मुक्कामातले आहेत, असं माझं मत आहे. ते पटवून देण्याआधी मूळची अडचण पाहायला हवी.

ओटीच्या नारळावर खण घट्ट बसवायला जा. वरच्या बाजूला तो नीट बसतो, पण कडांकडे आला की चुण्या पडतातच. चुण्या नको असतील तर दोनच मार्ग: कापड जागोजाग कापा, नाहीतर ताणलं जाणारं कापड घ्या आणि ताणा. नकाशाकाराचा प्रवास उलटा, त्याला गोलावरचं सपाटीवर आणायचं असतं. पण मार्ग हेच दोन. जॉन पॉल गुड या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९२३ मध्ये पहिला मार्ग धरला आणि महासागरांमध्ये काप देऊन जग मांडलं. त्यात खंडं फारशी बिघडत नाहीत, समुद्रांच्या मात्र चिंध्या होतात. बाकी बहुतेकांनी ताणण्याचाच मार्ग पत्करला.

कुणी फारच हुशार निघाला तर न कापता, न ताणता जमवेल का? नाही, आणि त्यासाठी एक मनातला प्रवास पुरतो. उत्तर ध्रुवावरून ७५ अंश पूर्व रेखावृत्त धरून निघा. सायबेरिया, मध्य आशिया, काश्मीर, पंजाब करत हे रेखावृत्त महाराष्ट्रात नेवाशाजवळून जातं. तसंच खाली हिंदी महासागरात विषुववृत्तापर्यंत या. तिथे काटकोनात उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळा. अख्खी आफ्रिका ओलांडून अटलांटिकमध्ये १५ अंश पश्चिम रेखावृत्त लागलं की पुन्हा काटकोनात उजवीकडे वळा आणि थेट ध्रुवावर पोचा. निघतानाची वाट आणि पोचतानाची वाट यांच्यातला कोनही काटकोनच. प्रत्येक बाजू सुमारे १०,००० किलोमीटरची. (आकडा असा गोळाबेरीज येतो, कारण फ्रेंचांनी १७९१ साली मीटर ठरवला तोच मुळी ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून.) तीन काटकोन, बेरीज २७० अंश. सपाट कागदावर ती १८० च्या वर जात नाही. हा त्रिकोण खऱ्या बाजूंनी आणि खऱ्या कोनांनी कागदावर काढणं कुणालाही शक्य नाही.

लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात हे गणिताने सिद्ध केलं. कार्ल फ्रीड्रिख गाउस १८२७ मध्ये आणखी खोलात गेला. पृष्ठभाग किती वक्र आहे हे त्याच्या बाहेर न पडता, त्याच्यावरच मोजमापं करून ओळखता येतं, आणि न ताणता तो कितीही वाकवला तरी ही वक्रता बदलत नाही, असा त्याचा सिद्धान्त. कागदाची वक्रता शून्य, गोलाची नाही. तिथे विषय संपतो. गाउस त्याच दशकात हॅनोवर राज्याची भूमापन मोहीम चालवत होता. शुद्ध गणितातला इतका देखणा सिद्धान्त मोजणीच्या कामात गुंतलेल्या माणसाकडून यावा, याची मला गंमत वाटते.

सगळं वाचवता येत नाही म्हटल्यावर काय वाचवायचं ते निवडावं लागतं. प्रत्येक ठिकाणचे कोन खरे ठेवता येतात, म्हणजे लहान भागांचे आकार शाबूत राहतात. किंवा क्षेत्रफळं खरी ठेवता येतात. दोन्ही एकाच नकाशात सगळीकडे ठेवता येत नाहीत, कारण दोन्ही राखणं म्हणजे मुळीच न ताणणं, आणि ते तर अशक्य ठरलं. एकोणिसाव्या शतकातल्या निकोला ऑगस्त तिसो या फ्रेंच गणितज्ञाने हे डोळ्यांना दिसेल अशी सोय केली. पृथ्वीगोलावर जागोजाग एकसारखी चिमुकली वर्तुळं काढायची आणि नकाशावर त्यांचं काय होतं ते पाहायचं. कोन राखणाऱ्या नकाशात ती वर्तुळंच राहतात, पण लहानमोठी होतात. क्षेत्रफळ राखणाऱ्या नकाशात सगळी सारख्याच क्षेत्रफळाची राहतात, पण चेपून लंबवर्तुळं होतात. कुठल्याही नकाशाची तब्येत कळायला याहून सोपी तपासणी नाही.

गोल सपाट करण्याची विद्या जमिनीच्या नकाशांपुरती कधीच नव्हती. तिचा एक जुना उपयोग आकाशासाठी झाला. अॅस्ट्रोलेब नावाच्या पितळी यंत्रात अख्खा खगोल एका चकतीवर उतरवलेला असतो. त्यात वापरलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल सपाटीवर उतरवण्याच्या पद्धतीत, गोलावरचं वर्तुळ चकतीवरही वर्तुळ किंवा सरळ रेषा होऊनच उतरतं, त्यामुळे कंपास आणि पट्टी एवढ्यावर कारागिराचं काम भागतं. या यंत्रावर संस्कृतात पहिला ग्रंथ महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० साली फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने लिहिला. ग्रंथाचं आणि यंत्राचं नाव एकच, यंत्रराज. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंहाने करवून घेतलेला भलामोठा यंत्रराज आजही टांगलेला आहे.

आता मर्केटरकडे. पण त्याच्याही आधी एका पोर्तुगीज दर्यावर्दीला गाठावं लागेल. मार्तिं अफोंसो द सोझा हा ब्राझीलची मोहीम करून परतला आणि त्याने राजाच्या पदरी असलेल्या पेद्रू नुनिश या गणितज्ञापुढे काही शंका ठेवल्या. मुद्दा असा होता: होकायंत्राने दाखवलेली एकच दिशा धरून जहाज हाकत राहिलं तर ते समुद्रावर नेमक्या कुठल्या वाटेने जातं? नुनिशने १५३७ मध्ये छापलेलं उत्तर त्या काळच्या खलाशांना चक्रावून टाकणारं होतं. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या दिशा सोडल्या, तर एकच दिशा धरून जाणारी वाट पृथ्वीवर सर्पिल होते आणि ध्रुवाभोवती घिरट्या घालत त्याच्या जवळजवळ सरकत राहते. ती दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाटही नसते. शंका विचारणारा हा सोझा पुढे १५४२ ते १५४५ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन गोव्यात राहिला.

कप्तानाला हे उत्तर कळून उपयोग नव्हता. त्याला कागदावर पट्टी ठेवून काम करायचं होतं. दोन बंदरं जोडणारी सरळ रेघ मारायची, ती उत्तरेशी किती अंशाचा कोन करते ते मोजायचं आणि सुकाणूवाल्याला तेवढा अंश सांगायचा. म्हणजे नुनिशच्या त्या वाकड्या वाटा ज्यात सरळ दिसतील असा नकाशा हवा होता. तो मर्केटरने दिला. त्याचा जन्म १५१२ चा, आजच्या बेल्जियममधल्या रुपेलमोंडचा. १५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या आरोपावरून त्याने सुमारे सात महिने तुरुंग भोगला आणि पुढे जर्मनीतल्या ड्युसबुर्ग गावी बिऱ्हाड हलवलं. तिथेच १५६९ मध्ये १८ पत्रकांचा तो प्रचंड नकाशा छापला. नकाशा दर्यावर्दींच्या उपयोगासाठी आहे, असं त्याने लांबलचक लॅटिन शीर्षकातच सांगून ठेवलं. भिंतीवर टांगणाऱ्यांनी निदान शीर्षक तरी वाचायला हवं होतं.

त्याची युक्ती अशी. पृथ्वीवर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. ती नकाशात समांतर उभी केली की उत्तरेकडचा प्रदेश आडवा ताणला जातो. ६० अंशांवर तो बरोबर दुप्पट रुंद होतो. नुसता आडवा ताणला तर कोन बिघडले. म्हणून मर्केटरने तो उभाही तितकाच ताणला, म्हणजे अक्षवृत्तांमधलं अंतर वर जावं तसं वाढवत नेलं. कोन वाचले, आकार वाचले, क्षेत्रफळं बळी गेली. ६० अंशांवर क्षेत्रफळ चौपट, ८० अंशांवर तेहतीस पट. ध्रुव तर कागदावर कधी येतच नाही, तो अनंतावर जातो.

कुठल्या अंशावर अक्षवृत्त नेमकं किती वर घ्यायचं, हे मर्केटरने कुठे समजावून सांगितलं नाही. ते काम इंग्लंडच्या एडवर्ड राइटने केलं. त्याने विषुववृत्तापासून अंशाच्या बारीक बारीक तुकड्यांचा ताण मोजून त्यांची बेरीज करत कोष्टक तयार केलं आणि १५९९ मध्ये प्रसिद्ध केलं. आजच्या भाषेत हे संकलन, इंटिग्रेशन. पण कलनशास्त्र जन्मायला तेव्हा अर्ध्या शतकाहून अधिक अवकाश होता. पुढची गोष्ट तर योगायोगाची. १६४५ च्या सुमारास हेन्री बाँड हा नौकानयनाचा शिक्षक राइटचं कोष्टक चाळत होता. त्यातले आकडे एका भलत्याच कोष्टकातल्या आकड्यांशी जुळतात असं त्याच्या लक्षात आलं. ते कोष्टक होतं कोनांच्या टॅन्जंटच्या लॉगरिदमचं. का जुळतात ते त्याला सांगता येईना. पुढची वीसेक वर्षं इंग्लंडातल्या गणितज्ञांना हे कोडं छळत राहिलं; १६६८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने ते सोडवलं आणि १६७० मध्ये आयझॅक बॅरोने अधिक सुटसुटीत सिद्धता दिली. कॉलेजात सेकंटचं इंटिग्रल पाठ करून परीक्षेला बसलेल्या कुणालाही ते जहाजावरून आलं आहे हे शिक्षकांनी सांगितलं असतं, तर पाठांतर जरा सुसह्य झालं असतं.

जहाजावर मर्केटरच्या नकाशाने कुणाचं नुकसान केलं नाही, कारण कप्तान देशांची क्षेत्रफळं मोजत नाही. भिंतीवर मात्र माणूस नेमकं तेच करतो. नजर टाकतो आणि कोण किती मोठा ते मनात ठरवून मोकळा होतो. ग्रीनलंडचं खरं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताचं ३२.९ लाख, आफ्रिकेचं ३ कोटींच्या वर. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड भारताला झाकून टाकतो आणि आफ्रिकेच्या बरोबरीने उभा राहतो. पावसाचं वितरण, लोकसंख्येची घनता, जंगलांचा विस्तार हे विषय शिकवायला हा नकाशा घेणं म्हणजे चुकीचं माप घेऊन दुकान थाटणं होय, आणि कित्येक पिढ्या ते बिनदिक्कत होत आलं.

या गोष्टीचा सर्वांत मोठा गवगवा केला तो जर्मन इतिहासकार आर्नो पेटर्सने. १९७३ मध्ये बॉनला पत्रकार परिषद घेऊन त्याने क्षेत्रफळ राखणारा आपला नकाशा मांडला आणि मर्केटरचा नकाशा युरोपला मोठं करून दाखवतो, गरीब देशांवर अन्याय करतो असं ठणकावलं. नकाशा नवा नव्हता. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तो १८५५ मध्येच मांडला होता. पण पेटर्सला प्रचाराची कला साधली होती. चर्चच्या संस्थांनी, मदतसंस्थांनी हा नकाशा उचलून धरला आणि बोस्टनच्या सरकारी शाळांनी अगदी २०१७ मध्येही तो वर्गांत लावला.

मला या नकाशाची एक गोष्ट खटकते. त्यात आकार खरे राहतात ते फक्त ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे मिलान, बोर्दो, अमेरिकेचा उत्तर भाग इथे. विषुववृत्तावर देश आडव्याच्या मानाने उभे दुप्पट ताणले जातात. महाराष्ट्र असतो त्याहून पावणेदोन पटींपेक्षा अधिक उभट होतो. न्याय उष्ण कटिबंधातल्या देशांना द्यायचा आणि त्यांचेच चेहरे ओढून काढायचे, असा हा व्यवहार. आर्थर रॉबिन्सन या अमेरिकन नकाशातज्ज्ञाने तर त्यातली खंडं आर्क्टिक वृत्तावर वाळत घातलेल्या ओल्या, फाटक्या लांब चड्ड्यांसारखी दिसतात अशी थट्टा केली होती. रॉबिन्सनचं स्वतःचं प्रक्षेपण १९६३ चं. ते काहीच पूर्णपणे राखत नाही आणि सगळंच थोडंथोडं बिघडवतं. नॅशनल जिओग्राफिकने १९८८ ते १९९८ जगाच्या नकाशासाठी तेच वापरलं. बोस्टनची बातमी वाचून तिघा नकाशातज्ज्ञांनी २०१८ मध्ये इक्वल अर्थ नावाचं प्रक्षेपण काढलं. क्षेत्रफळं खरी आणि चेहरेही बऱ्यापैकी ओळखू येणारे. ऑगस्ट २०२५ मध्ये मर्केटर हटवून असे नकाशे लावावेत या मोहिमेला आफ्रिकन युनियनने पाठिंबा दिला. भिंतीपुरती ही मागणी मला शंभर टक्के योग्य वाटते.

मोबाइलपुरती नाही. मोबाइलवर आपण पाहतो ती गल्ली, चौक, उड्डाणपूल. तिथे लागतो तो खरा कोन: दोन रस्ते काटकोनात मिळत असतील तर पडद्यावरही काटकोनच दिसायला हवा, मग चौक पुण्याचा असो की ओस्लोचा. मर्केटर ते करतो, उत्तर कायम वर ठेवतो, आणि ८५ अंशांच्या किंचित पुढे कापला तर जग नेमकं चौरस होतं. तो चौरस चार चौरसांत, ते आणखी सोळांत, असं करत गेलं की संगणकाला साठवायला सोपं. गूगलने २००५ मध्ये हेच केलं आणि बाकीच्यांनी री ओढली. जग पाहायला झूम बाहेर काढला की मात्र पुन्हा भिंतीवरचा दोष येतो, म्हणून २०१८ पासून गूगलच्या संगणकावरच्या नकाशात दूरवर गेलं की पृथ्वीगोल दिसू लागतो.

विमानांच्या बाबतीत मर्केटर साफ फसवतो. त्याच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेघेने जोडली तर वाट जवळपास थेट पश्चिमेला जाते आणि अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो मुंबईहून उत्तर-वायव्येला निघतो, फेरो बेटांच्या उत्तरेकडून जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग आइसलँडवरून खाली उतरतो. अंतर सुमारे १२,५००. वारं आणि बंद हवाई हद्दी यांमुळे खरा मार्ग थोडा इकडेतिकडे होतो, पण सतराशे किलोमीटरचं इंधन कुणी सरळ रेघेच्या हौसेपायी जाळत नाही. अशा जवळच्या वाटा ज्यात सरळ दिसतात असं वेगळं प्रक्षेपण आहे, नोमोनिक. अर्ध्या पृथ्वीहून कमीच भाग त्यात मावतो आणि कडेचे देश ओळखू येत नाहीत. जुने नाविक वाट नोमोनिकवर आखत, तिचे टप्पे मर्केटरवर उतरवत आणि प्रत्येक टप्प्याला होकायंत्राची दिशा मोजत. एकाच नकाशाकडून सगळं मागायचं नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

प्रक्षेपणांचा हा सगळा पसारा एका गणिती शिस्तीत आणण्याचं श्रेय योहान हाइनरिख लॅम्बर्टला जातं. म्यूलूझच्या एका शिंप्याचा हा मुलगा, बहुतांशी स्वतःच शिकलेला. पाय ही संख्या अपरिमेय आहे हे सिद्ध करणाराही हाच. १७७२ च्या एकाच लेखनात त्याने अनेक नवी प्रक्षेपणं मांडली. त्यांतल्या दोहोंवर आजचं मोजणीचं जग चालतं. एक, पृथ्वीवर शंकूची टोपी घालून कोन राखणारं. दुसरं, मर्केटरचंच आडवं पाडलेलं, ज्यात विषुववृत्ताऐवजी एखादं रेखावृत्त ताणाशिवाय राहतं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट मात्र या दोहोंऐवजी बहुशंकू प्रक्षेपणावर काढलेली असते. एकाऐवजी अनेक शंकू कल्पायचे, प्रत्येक अक्षवृत्ताला आपला शंकू. १:५०,००० च्या एका पत्रकावर पंधरा कला गुणिले पंधरा कला एवढाच भाग असतो, तेवढ्यात पृथ्वीची गोलाई जाणवतही नाही. शेजारची दोन-चार पत्रकं जुळतात. पण टेबलभर जोडत गेलात तर कुठेतरी फट पडतेच.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुल्या असलेल्या पत्रकांना आडवं मर्केटर आलं, यूटीएम या नावाने. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखावृत्तापासून किलोमीटर मोजतात. आकडे ऋण येऊ नयेत म्हणून त्या मधल्या रेघेला शून्याऐवजी ५०० किलोमीटर धरतात. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र दोन पट्टे आले आहेत. ७८ अंशांची सीमा अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जाते. अमरावतीपर्यंतचा महाराष्ट्र ४३ व्या पट्ट्यात, वर्धा-नागपूरपासून पूर्वेकडचा ४४ व्यात. अमरावतीचा पूर्वांक, म्हणजे असा मोजलेला पूर्व-पश्चिम आकडा, ७९० किलोमीटरच्या आसपास येतो. तिथून पूर्वेला निघून वर्ध्याला पोचलात की तो वाढायला हवा, तर उतरून २५० वर येतो, कारण मोजणीची रेघच बदललेली असते. दोन गावांतलं हवाई अंतर आहे नव्वदेक किलोमीटर. पट्टा न तपासता दोन आकड्यांची वजाबाकी करणाऱ्याच्या हिशेबात वर्धा अमरावतीच्या पश्चिमेला, ५४० किलोमीटर दूर, नाशिकच्याही पलीकडे जाऊन पडतं.